छावणीतील खिदमत : बेगम अनीस किडवाई

वाचकहो, मुंबईस गेलेल्यांना शिवडी-वडाळ्याचा रफी अहमद किडवाई मार्ग ठाऊक असेल. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळातील दळणवळण मंत्री आणि पुढे अन्नमंत्री म्हणून रफीसाहेब गाजले. त्यांचे नाव रस्त्यांना लागले, इस्पितळांना लागले. त्यांच्याच घरातील एका सुनेची हकीकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे. रफीसाहेबांचे धाकटे बंधू शफी अहमद किडवाई यांच्या त्या पत्नी, बेगम अनीस किडवाई. उर्दू वाचणाऱ्या घरांतून त्यांचे नाव आदराने घेतले जाते, राज्यसभेच्या दप्तरीही ते आहे. परंतु मराठी माध्यमातून शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या कानांवर ते क्वचितच पडते, म्हणून हा प्रपंच.

हिजरतीची हकीकत आपल्या घराघरांतून सांगितली जाते. मक्केतून घरदार सोडून आलेले ते मुहाजिर आणि त्यांना आपल्या घरात, आपल्या बागांत वाटा देणारे मदिनेचे ते अन्सार. मुहाजिरांनी सोसलेले हाल आपण मुलांना सांगतो. पण अन्सारांनी रोज सकाळी उठून नेमके काय केले असेल? कोणाला किती खजूर दिले, कोणाची भांडणे मिटवली, कोणाच्या आजारपणात रात्र जागवली, याचा विचार आपण फारसा करीत नाही. बेघर झालेल्यांना आधार देणे हे ऐकायला सुंदर आणि करायला फार किचकट काम आहे. अनीसबेगमांचे चरित्र वाचताना तो किचकटपणा पावलोपावली दिसतो. म्हणूनच ते मला मोलाचे वाटते.

त्यांचा जन्म १९०६ साली अवधमधील बाराबंकी जिल्ह्यात झाला. वडील विलायत अली हे वकील आणि इंग्रजीत खुमासदार लिहिणारे लेखक होते. मौलाना मोहम्मद अलींच्या ‘कॉम्रेड’ साप्ताहिकात ‘बंबूक’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेले विनोदी लेख त्या काळी सुशिक्षित वर्तुळात आवडीने वाचले जात. १९१८ साली, मुलगी बारा वर्षांची असताना, ते अल्लाहला प्यारे झाले. त्या काळच्या खानदानी घरांत मुलींना शाळेत पाठविण्याची रीत नव्हती. अनीसलाही शाळा मिळाली नाही. जे शिकायचे ते घरातच, पडद्याआड. पालक भगिनींनो, एवढे ध्यानात असू द्या. ज्या बाईने पुढे फाळणीवरील एक अस्सल ग्रंथ लिहिला आणि देशाच्या संसदेत जागा भूषविली, तिच्याजवळ एकाही परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते. यावरून शाळेची गरज नाही असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. त्या घरात पुस्तके होती, वर्तमानपत्रे होती, राजकारणाची चर्चा होती. किती घरांत हे असते?

विवाह किडवाई कुटुंबातच झाला. सासरचे घर काँग्रेसचे. तुरुंगवास, खादी, सभा हे सारे त्या घराने पाहिले होते. पाकिस्तानच्या मागणीला या घराचा पाठिंबा नव्हता. १९४७ पर्यंतची वर्षे अनीसबेगमांनी गृहिणी आणि माता म्हणून काढली, असे म्हटले तरी चालेल. त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती त्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर.

शफी अहमद त्या वेळी मसुरीच्या नगरपालिकेचे प्रशासक होते. पंजाब पेटल्यावर आगीचे लोळ डेहराडून आणि मसुरीपर्यंत पोहोचले. थंड हवेच्या त्या गावातून मुसलमान कुटुंबे जीव मुठीत धरून निघून जाऊ लागली. शफीसाहेबांनाही तसे करता आले असते. बंधू दिल्लीत मंत्री, घर लखनौकडे सुरक्षित. पण गावची जबाबदारी शिरावर असताना अधिकाऱ्यानेच पळ काढावा हे त्यांना पटले नाही. ते जागेवर राहिले. ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांचा खून झाला. अनीसबेगम त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हत्या.

वय एक्केचाळीस. पदरी मुले. ज्यांनी फाळणी मागितली नाही, त्यांच्याच घरावर फाळणीने हा घाला घातला. अशा वेळी माणूस दोन वाटांनी जातो. एक तर कोपऱ्यात बसून राहतो, नाहीतर मनात सूड धरतो. दोन्ही गोष्टींना कोणी नावे ठेवली नसती. अनीसबेगम दिल्लीला आल्या आणि गांधीजींना भेटल्या. गांधीजी ९ सप्टेंबरपासून दिल्लीत होते आणि बिर्ला भवनात उतरले होते. ज्यांची माणसे गेली, घरे गेली, अशी हजारो माणसे याच शहरातील छावण्यांत पडून आहेत, त्यांच्यात जाऊन काम करावे, अशी वाट त्यांनी या विधवेला दाखविली. आणि ती छावण्यांत गेली.

आता दिल्लीची त्या वेळची अवस्था समजून घेतली पाहिजे. वर्गात फाळणी शिकविताना आम्ही शिक्षकही ती तारखा आणि करारांत उरकतो. म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पश्चिम पंजाबातून आणि सरहद्द प्रांतातून सर्वस्व गमावलेल्या हिंदू आणि शीख निर्वासितांचे लोंढे दिल्लीत येत होते. शेवटी या शहरात सुमारे पाच लाख निर्वासित वसले. (आपल्याकडे सिंधमधून आलेल्यांसाठी कल्याणजवळ जी छावणी उभी राहिली, तिचेच पुढे उल्हासनगर झाले. त्यावरून अशा लोंढ्याची कल्पना करावी.) त्यांच्या जखमा ओल्या होत्या आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात दिल्लीत मुसलमानांविरुद्ध दंगल उसळली. करोलबाग, पहाडगंज, सब्जीमंडी अशा वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या झाल्या. करोलबागेतील जामिया मिल्लियाचे पुस्तकभांडार लुटले गेले. १९४१ च्या शिरगणतीत दिल्लीत शंभरात सुमारे ३३ मुसलमान होते. १९५१ च्या शिरगणतीत सहासुद्धा उरले नाहीत. या दोन आकड्यांच्या मध्ये काय घडले असेल, ते वाचकांनीच मनात आणावे.

जिवाच्या भीतीने पळालेले हे लोक पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा या दोन ठिकाणी गोळा झाले. याच मकबऱ्यातून १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी बहादुरशहा जफरला कैद करून नेले होते. त्यानंतर बरोबर नव्वद वर्षांनी, त्याच सप्टेंबर महिन्यात, दिल्लीचे विणकर, लोहार, टांगेवाले, कारकून आणि त्यांची बायकामुले त्याच भिंतींच्या आडोशाला येऊन बसली. एकट्या पुराना किल्ल्यातच साठ हजारांवर माणसे होती असे सांगतात. आरंभी ना पुरेसे तंबू, ना पाण्याचे नळ, ना शौचकूप. वरून पाऊस. १३ सप्टेंबरला गांधीजी स्वतः तेथे जाऊन आले. जामियाचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन यांनी तेथील हलाखी सरकारच्या कानी घातली. जामियाचे शिक्षक आणि विद्यार्थी छावण्यांत स्वयंसेवक म्हणून उतरले. झाकिर हुसेन स्वतः त्याच ऑगस्टमध्ये जालंधर स्टेशनवर मारेकऱ्यांच्या तावडीतून थोडक्यात वाचले होते आणि त्यांना वाचविणाऱ्यांत एक शीख अधिकारी व एक हिंदू रेल्वे अधिकारी होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

अनीसबेगम छावणीत गेल्या तेव्हा थंडी सुरू होत होती. दिल्लीची थंडी आपल्या थंडीसारखी नव्हे. उघड्यावर निजलेले मूल सकाळी उठेल याची खात्री नसते. काम कसले, असे विचाराल तर त्याला नाव नाही. रजया आणि कांबळी आली की ती कोणाला द्यायची ते ठरविणे. माणसे शंभर आणि कांबळी वीस असली की वाटणाऱ्याला दुवा मिळत नाही, शिव्याशाप मिळतात. ज्याला मिळाले तो दुसऱ्यांदा रांगेत उभा राहतो, ज्या म्हातारीला चालवत नाही ती तंबूतच राहते. तंबूत बाळंतपणे होतात, तेव्हा आडोशाला चादर धरावी लागते. मय्यत होते, तेव्हा कफनाचे कापड शोधावे लागते. आई हरवलेले मूल रडत असते, त्याला आपल्या बापाच्या नावाखेरीज काही सांगता येत नाही. देवी, आमांश, ताप. डॉक्टर थोडे, औषधे त्याहून थोडी. पडद्यात वाढलेल्या स्त्रिया पुरुष स्वयंसेवकांपुढे तोंड उघडीत नसत. आपले दुखणे, आपली लाज, आपल्या मुलीचे काय झाले हे सांगायला त्यांना बाईच हवी होती. अनीसबेगम स्वतः त्याच रीतीरिवाजांत वाढल्या होत्या, शिवाय त्याच वणव्यात त्यांचे कुंकू पुसले गेले होते. तेव्हा त्यांच्यापुढे बोलणे या बायकांना सोपे जात असले पाहिजे.

एक गोष्ट मला विशेष वाटते. छावणीतील आपल्याच लोकांचे दोष त्यांनी झाकले नाहीत. दुःखाने माणूस थोर होतोच असे नाही. तो कधी स्वार्थीही होतो, भांडकुदळ होतो, दुसऱ्याच्या वाट्याचे धान्य लपवितो. मोठमोठी भाषणे करून लोकांना भडकविणारे पुढारी ऐन वेळी विमानाने निघून गेले आणि गरीब मागे राहिला, याची चीड अनीसबेगमांच्या मनात होती. पण म्हणून त्यांनी हात आखडता घेतला नाही. सेवा करायची ती चांगल्या माणसांचीच, असा हिशोब त्यांनी कधी मांडला नाही.

छावणीतील सर्वांत अवघड प्रश्न रोजचाच होता. जावे की राहावे? लाहोरकडे खास गाड्या सुटत. त्या गाड्यांवर वाटेत हल्ले होत, हे सर्वांना ठाऊक होते. तरी राहण्याची भीती जाण्याच्या भीतीहून मोठी वाटे. एक भाऊ जाऊ म्हणे, दुसरा राहू म्हणे. कित्येक जण गेले आणि तेथेही निर्वासितच ठरले. पुढे १९४८ मध्ये काही परत येऊ लागले, तेव्हा जुलैपासून परवान्याची पद्धत आली. तोवर घरात दुसरा निर्वासित राहावयास आलेला असे, तोही पंजाबातून सर्वस्व गमावून आलेला. दोघेही खरे, दोघेही लुबाडलेले. अशा तंट्यात कोणाची बाजू घ्यावी? अनीसबेगम दोघांनाही माणूस म्हणून पाहात राहिल्या. किती कठीण आहे ते!

त्यांच्या सोबतिणी कोण होत्या हेही सांगतो. एक मृदुला साराभाई, अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यातील मुलगी. दुसऱ्या सुभद्रा जोशी. आडनावावरून त्या आपल्याकडील वाटतील, पण जन्म सियालकोटचा. म्हणजे त्यांचे स्वतःचे जन्मगाव पाकिस्तानात गेले होते. तरीही त्या दिल्लीतील मुसलमानांची घरे वाचविण्यासाठी रात्रंदिवस फिरत होत्या. पुढे त्या लोकसभेवर निवडून आल्या. या मंडळींनी शांतिदलाचे काम केले. मोहल्ल्यामोहल्ल्यांतून फिरावे, अफवा पसरली की तेथे जाऊन खरे काय ते पाहावे, रिकाम्या घरांवर टपलेल्यांना आवरावे, घाबरलेल्यांना धीर द्यावा. हिंदू, शीख, मुसलमान कार्यकर्ते एकत्र दिसले, एवढ्यानेच काही गल्ल्यांत लोकांना हायसे वाटे.

१३ जानेवारी १९४८ रोजी गांधीजींनी उपोषण आरंभिले. अटींमध्ये एक अट मेहरौलीच्या हजरत ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याची होती. तेथील उरूस नेहमीप्रमाणे, निर्भयपणे भरला पाहिजे. दुसऱ्या अटींत मशिदी मोकळ्या करण्याची आणि मुसलमानांना शहरात बिनधोक हिंडता येण्याची मागणी होती. १८ जानेवारीला सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी लेखी हमी दिली आणि उपोषण सुटले. २७ जानेवारीला ते अशक्त शरीर मेहरौलीच्या उरुसाला गेले. तिसऱ्या दिवशी त्यांची हत्या झाली. मसुरीत पती गेले, तेव्हा ज्यांनी वाट दाखविली तेही असे गेले. अनीसबेगमांचे काम मात्र थांबले नाही.

यापुढचा भाग विद्यार्थिनींनी आईजवळ बसून वाचावा, असे मी सुचवितो. दंगलीत दोन्ही बाजूंनी स्त्रिया पळविल्या गेल्या. त्या वेळच्या सरकारी अंदाजाप्रमाणे भारतात सुमारे ५० हजार मुसलमान स्त्रिया आणि पाकिस्तानात सुमारे ३३ हजार हिंदू व शीख स्त्रिया अशा अडकल्या होत्या. डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला की त्यांना शोधून आपापल्या घरी पोहोचवावे. आपल्याकडे या कामाची धुरा मृदुलाबेनांवर होती आणि अनीसबेगम त्यांच्या साहाय्यक झाल्या. खेड्यांत जायचे, पोलिसांना बरोबर घ्यायचे, बाई सापडेपर्यंत ती तिसऱ्याच गावी हलविलेली असायची. कधी बातमी देणाराच फितूर निघे.

बाई सापडली म्हणजे काम संपले, असे नव्हते. तेथून खरा पेच सुरू होई. कित्येकींनी जाण्यास नकार दिला. बाहेरून पाहणाऱ्याला हे कोडेच वाटे. अनीसबेगमांनी ते कोडे त्या बाईच्या बाजूने उलगडून पाहिले. जिचे आईबाप, भाऊ तिच्या डोळ्यांदेखत मारले गेले, तिने जायचे कोणाकडे? जिच्या पोटात मूल आहे, ती भावापुढे कोणत्या तोंडाने उभी राहील? काहींना ज्याने पळविले त्याच्याच तावडीतून दुसऱ्या कोणी सोडविले होते, त्या उपकाराची त्यांना जाणीव होती. काहींनी नशिबापुढे मान तुकविली होती आणि पुन्हा एकदा उखडले जाण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. आणि काही घरांनी तर परत आलेल्या मुलीला दार उघडलेच नाही. इज्जत हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्या मुलींचा त्यात काय दोष होता? गांधीजी आणि पंडित नेहरू यांना जाहीर आवाहन करावे लागले की या स्त्रियांना घरात घ्या, त्या निष्कलंक आहेत.

१९४९ साली यासाठी कायदा झाला. त्या कायद्यात पळविलेल्या बाईची मर्जी काय, हा प्रश्नच विचारात घेतलेला नव्हता. वाद पडला तर निर्णय लवादाने द्यायचा. बाई नाही म्हणत असली तरी तिला सरहद्दीपलीकडे पाठविता येई. हेतू चांगला होता यात शंका नाही, आणि हजारोंची खरोखर सुटकाही झाली. हे काम १९५७ पर्यंत चालले आणि दोन्ही देशांत मिळून सुमारे ३० हजार स्त्रिया परत पोहोचविल्या गेल्या. पण रडणाऱ्या बाईला गाडीत बसविताना आपण तिची सुटका करतो आहोत की तिला दुसऱ्यांदा पळवितो आहोत, हा प्रश्न काम करणाऱ्यांच्या काळजाला टोचत राहिला. अनीसबेगमांनी तो लपविला नाही. समाजसेवकाने अशी कबुली देणे विरळाच. माझ्या मते त्यांचा खरा मोठेपणा येथे आहे.

दिल्लीच्या दक्षिणेस मेवात आहे. तेथील मेव मुसलमान शेतकरी अलवर आणि भरतपूर संस्थानांतून हुसकावले गेले होते. १९ डिसेंबर १९४७ रोजी गांधीजी घासेडा गावी जाऊन त्यांना देश न सोडण्याविषयी सांगून आले होते. त्यांच्या पुनर्वसनाच्या कामी १९४८ मध्ये आपले विनोबा भावे लागले. कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा हा माणूस कुराणाचा अभ्यासक होता, हे अनेकांना ठाऊक असेलच. मेवांच्या हकीकतीतही अनीसबेगमांनी लक्ष घातले. कित्येक मेव कुटुंबे परतली, आजही मेवातात मेवांची शेती आहे.

१९५६ मध्ये अनीसबेगम राज्यसभेच्या सदस्य झाल्या आणि दोन मुदती, म्हणजे १९६८ पर्यंत, त्या सभागृहात होत्या. या काळाविषयी मी फार लिहीत नाही. संसदेत पुष्कळ जण असतात, पुराना किल्ल्याच्या चिखलात थोडे होते.

एक गोष्ट मात्र राहिली. १९४९ च्या सुमारास, सारे ताजे असतानाच, त्यांनी पाहिलेले उर्दूत लिहून काढले. लिहिले आणि बाजूला ठेवले. जखमा उघड्या असताना ते छापले असते तर मलमाऐवजी मीठच ठरले असते, असे त्यांना वाटले असावे. पंचवीस वर्षे ते बाड तसेच राहिले. १९७४ साली ते ‘आज़ादी की छाँव में’ या नावाने प्रसिद्ध झाले. नावात छाया आहे, आणि त्या पुस्तकात ती दोन्ही अर्थांनी आहे, झाडाचीही आणि अंधाराचीही. त्यात पतीच्या मृत्यूचे दुःख आहे, पण ते दुःख पुस्तकभर पसरलेले नाही. पाने भरली आहेत ती दुसऱ्यांच्या हकीकतींनी. ज्यांची नावे कोणत्याही रस्त्याला लागणार नाहीत, अशा माणसांच्या.

१९८२ साली बेगम अनीस किडवाई यांचे निधन झाले. त्यांची नात आयेशा किडवाई भाषाशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. आजीच्या त्या पुस्तकाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये निघाला, त्यामुळे आता उर्दू लिपी न येणाऱ्यांनाही ते वाचता येते. ज्या घरात आजी-आजोबांना उर्दू येते, तेथे मात्र मूळ पुस्तकच मिळवावे आणि रोज थोडे थोडे त्यांच्याकडून वाचून घ्यावे.